सतरा साते एकोणिसासे

मूळ संख्यांचे पाढे छापणारा तो प्रोग्रॅम मी लिहिलेला नाही. हे वाक्य मी आजवर कुणाजवळही बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मुलांजवळ नाही, आणि ज्याने तो लिहिला त्याच्याजवळ तर नाहीच. परवा ऑफिसातल्या एका नव्या मुलाने विचारलं, "सर, तो पाढ्यांचा प्रोग्रॅम तुम्ही कॉलेजात असताना लिहिला होता ना?" माझी मान सवयीने हलली. होकारार्थीच. मग जेवायला डबा उघडला आणि तसाच बंद केला. पन्नाशी उलटून गेली आहे. आता नाही लिहिलं तर पुढे लिहिणार नाही, हे त्या डब्यापुढे बसून कळलं.

सत्तरीच्या दशकाची अखेरची वर्षं. मी सातारा जिल्ह्यातला. घरचा ऊस होता आणि वडील फौजेतून सुभेदार म्हणून परतलेले. इंजिनिअरिंगला सांगलीला आलो आणि विश्रामबागला खोली घेऊन राहिलो. खोलीत आम्ही दोघे. दुसरा जतकडचा, धनगराचा पोरगा. त्याच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेला तो पहिला. माझे वडील सुभेदार म्हणून तो मलाच "सुभेदार" म्हणायचा. "काय सुभेदार, आज परेड कुठं?" असं. मला त्याचा राग यायचा नाही, उलट बरं वाटायचं.

आमच्या शेवटच्या वर्षी कॉलेजात एक छोटा संगणक आला. छोटा म्हणजे कपाटाएवढा. त्याला पडदा नव्हता. टाइपरायटरसारखं एक अवजड यंत्र जोडलेलं होतं. त्यावर हुकूम टाइप करायचा आणि ते खडखड करत त्याच लांबलचक कागदावर उत्तर छापायचं. प्रोग्रॅम साठवायचा तो भोकं पाडलेल्या कागदी फितीवर. ज्याची त्याची फीत गुंडाळून डब्यात ठेवायची. त्या खोलीत चपला काढून जायचं, देवळात जावं तसं, आणि आत गारवा एवढा की दहा मिनिटांत बोटं आखडायची. माझा सोबती चौथ्या दिवशी घरून आणलेलं घोंगडं पांघरून आला.

वर्गातला एकजण म्हणाला, "मेंढरं कुठं बांधलीस रं?"

"हितं तर बसल्यात समदी," तो म्हणाला. "मोजायलाच आलूय."

सगळे हसले. संगणक शिकवणारे सर सुद्धा.

सरांनी जे काम दिलं ते असं: हुकमासोबत एक आकडा टाइप केला की तेवढ्या मूळ संख्या शोधून त्यांचा गुणाकाराचा तक्ता छापला गेला पाहिजे. दहा टाइप केलं तर दोनपासून एकोणतीसपर्यंतच्या दहा मूळ संख्या वर आडव्या, त्याच डाव्या बाजूला उभ्या, आणि मधे त्यांचे गुणाकार. रकाने सरळ आले पाहिजेत, आकडा कितीही मोठा दिला तरी. दिसायला पोरखेळ, पण त्यात यंत्र ओळखू यायचं आणि माणूसही. वर्षाच्या शेवटी बाहेरून परीक्षक येणार होते आणि हा प्रोग्रॅम बघून ते एकाची निवड करणार होते. निवडलेल्याला पुण्याच्या एका संगणक केंद्रात वर्षभर शिकायला मिळणार होतं. त्या काळात त्या एका जागेवर आख्खं आयुष्य वळत होतं. आमच्या दोघांचंही.

माझा प्रोग्रॅम धड होईना. मी प्रत्येक संख्येला खालच्या सगळ्या संख्यांनी भागत बसायचो. त्यात पहिल्याच रकान्यात एक छापला गेला होता.

"हे काय रं?" तो कागद बघून म्हणाला. "एक कसा घुसला ह्यात? एक तर समद्यांच्याच पाढ्यात पयला बसल्याला. सतरा एके सतरा, एकोणीस एके एकोणीस. त्यो मूळ कसला, त्यो पावना."

"मग तुझी व्याख्या काय?"

"मूळ म्हंजे जी दुसऱ्या कुणाच्याच पाढ्यात येत न्हाई ती. आमचा आण्णा असंच सांगतो. एक्याण्णव बघ. दिसतंय कसं एकलकोंडं? पर तेरा साते एक्याण्णव. घावलं का न्हाई?"

आण्णा म्हणजे त्याचे वडील. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मेंढरांमागे चालता चालता त्यांनी पोराकडून तिसापर्यंतचे पाढे, शिवाय पावकी, निमकी, दिडकी हे पाव-अर्ध्या-दीडाचे पाढे, सगळं पाठ करून घेतलं होतं. ते पाढे जुन्या चालीचे. शंभराच्या वर गेलं की आधी वरचा आकडा म्हणायचा आणि मग शंभर. सतरा नव्वे त्रेपन्नासे, म्हणजे त्रेपन्न आणि शंभर, एकशे त्रेपन्न. एकोणीस आठे बावन्नासे. आमच्या घरी आजोबा असेच म्हणायचे, त्यामुळे मला ते कळत होतं. वडिलांनी मात्र मला फौजी पद्धतीने इंग्रजीत आकडे घोकायला लावले होते.

त्याने प्रोग्रॅम लिहिला तो ह्या पाढ्यांच्या जिवावर. नवी संख्या आली की ती आधी सापडलेल्या मूळ संख्यांच्याच पाढ्यात आहे का, एवढंच बघायचं. "समद्यांच्या दारात कशाला जायाचं? जी मूळ घावल्यात त्यांच्याच दारात जायाचं. आन् जिचा सोताशी गुणाकार नव्या संख्येच्या फुडं निगून गेला, तितं थांबायचं." रकान्याची रुंदीही शेवटच्या संख्येच्या वर्गावरून आधीच काढलेली. मी तीन आठवडे झगडत होतो ते त्याने दोन दुपारींत केलं होतं. आणि प्रोग्रॅमला नाव दिलं होतं 'पाढे'. इंग्रजी लिपीत ते नाव टाइप करायचं, एक जागा सोडायची, आकडा टाकायचा, बटण दाबायचं. यंत्र क्षणभर थांबायचं आणि मग खडखड सुरू.

"ही घे माझी फीत," तो एक दिवस म्हणाला. "यंत्रात घाल, दुसरी काढून घे, आन् पयल्या वळीत तुझं नाव घाल. झालं."

"आणि तू?"

"माझ्यावर माझं हाय की. दोघांचं चालंल. सरांनी काय येगयेगळं करा म्हणलंय व्हय?"

म्हटलं होतं. ज्या दिवशी म्हटलं त्या दिवशी तो गावी गेला होता आणि मी वर्गात पहिल्या बाकावर होतो. मी त्याला ते सांगितलं नाही. फीत घेतली, दुसरी काढली, दोन-चार ठिकाणी अक्षरं बदलली आणि माझ्या नावाने डब्यात ठेवली.

परीक्षेचा दिवस उन्हाळ्यातला. परीक्षक मराठी होते, पण वाढले आणि शिकले महाराष्ट्राबाहेर. आमच्याशी इंग्रजीतच बोलत. त्यांनी आदल्या दिवशी सगळ्यांचे प्रोग्रॅम छापून घेतले होते आणि आम्हा दोघांना शेवटी एकत्र बोलावलं. दोन्ही कागद त्यांच्या पुढ्यात शेजारी शेजारी होते. त्यांवर नजर फिरवून ते माझ्या सोबत्याला म्हणाले, "चालवून दाखव."

त्याने घोंगडं नव्हतं आणलं त्या दिवशी. पांढरा सदरा घालून आला होता. त्याने टाइप केलं, पाढे, दहा. तक्ता छापायला सुरुवात झाली. दोनची ओळ, तीनची, पाचची. सतराच्या ओळीत चौतीस, एक्कावन्न, पंच्याऐंशी एवढं छापून झालं आणि लाइट गेली. यंत्र मधेच थांबलं. वरचा पंखा हळूहळू फिरत राहिला आणि बंद पडला. सर लाइटचं बघायला खाली गेले. खोलीत आम्ही तिघेच उरलो.

परीक्षकांनी कागदावर बोट ठेवलं. पंच्याऐंशीच्या पुढे कोरं होतं. "इथे पुढे काय येईल?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

तो उभा राहिला. हात पाठीमागे. तोंडातल्या तोंडात म्हणाला, "सतरा साते एकोणिसासे."

परीक्षकांनी वर पाहिलं. "नाइन्टीन हंड्रेड?"

आता हे मी अनेकदा मनात चालवून बघितलं आहे. नाइन्टीन हंड्रेड म्हणजे एकोणीसशे, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण घाबरलेल्या माणसाचा कान आपल्या लहानपणाच्या चालीने ऐकतो. त्याला ऐकू आलं ते एकोणीस आणि शंभर. अगदी त्याच्याच पाढ्यातल्या क्रमाने. साहेबाला आपला पाढा कळला, एवढंच त्याला वाटलं असणार, कारण त्याचा चेहरा खुलला.

"येस सर. नाइन्टीन हंड्रेड."

"नक्की?"

"येस सर. शुअर."

परीक्षक माझ्याकडे वळले. "आणि तू?"

"वन हंड्रेड अँड नाइन्टीन, सर," मी म्हणालो.

त्यांनी त्याला बाहेर थांबायला सांगितलं. तो गेला. जाताना माझ्याकडे बघून त्याने डोळ्यांनीच 'चांगलं झालं' असं केलं. दार बंद झालं. परीक्षकांनी दोन्ही कागद माझ्याकडे सरकवले. "हा एकाच डोक्यातून आलेला प्रोग्रॅम आहे. ज्याला सतरा साते येत नाही, त्याच्या डोक्यातून आलेला नाही, हे उघड आहे. तू लिहिलास?"

वडिलांचं पत्र खिशात होतं. त्यात लिहिलं होतं की पुण्याची खबर लवकर कळव. पण ही सबब नाही. पत्र असो वा नसो, मी तेच केलं असतं असं मला आज वाटतं.

मी म्हणालो, "हो सर. मीच लिहिला. त्याने माझी फीत घेतली."

इतक्यावर थांबलो असतो तरी एक वेळ. पण ते कॉपीची केस करायची म्हणाले, तेव्हा मी हात जोडले. "सर, केस करू नका. गरीब घरचा आहे. मेंढपाळ आहेत त्याच्या घरचे." परीक्षक माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले की अशी मनं हल्ली कमी बघायला मिळतात. त्यांनी केस केली नाही. प्रात्यक्षिकात नापास केलं, बस. त्यामुळे आपल्यावर कसला आळ ठेवला गेला ते त्याला कधी कळलंच नाही. माझ्या दयेने माझीच चोरी झाकली गेली.

आम्ही आवारातल्या चिंचेखाली बसलो. तो पाणी प्यायला, तोंड धुतलं आणि एकदम थबकला.

"आरं सुभेदार, नाइन्टीन हंड्रेड म्हंजे एकोणीसशे की रं!"

तो माझ्याकडे वळला.

"आयला. म्या एकोणीसशे म्हणलू व्हय? दोनदा?" त्याने कपाळावर हात मारून घेतला. मग उठलाच. "चल, वर जातो. सांगतो साहेबास्नी, आमच्यात असं म्हणत्यात म्हणून. सतरा साते एकशे एकोणीस म्हंजेच एकोणिसासे. तू चल संगं, तुला इंग्रजीत सांगाय येतंय. पाच मिन्टाचं काम हाय."

पाच मिनिटांचंच होतं. परीक्षक वर सरांच्या खोलीत चहा घेत होते. त्यांची गाडी फाटकाच्या आत उभी होती. आम्ही बसलो होतो तिथून फाटक दिसत नव्हतं, पण मी येताना पाहिली होती.

"गेले ते," मी म्हणालो. "गाडी गेली त्यांची."

"कवा?"

"मघाशीच."

तो उभाच राहिला थोडा वेळ, एक हात चिंचेच्या खोडावर. मग खाली बसला. "माज्याच तोंडानं घात केला," एवढंच म्हणाला. आणि नंतर, मला वाईट वाटू नये म्हणून, "तू बराबर सांगितलंस ते बरं झालं बग. आपल्या खोलीतलं एक तरी जाईल पुण्याला."

निकाल लागला. माझं नाव पुण्यासाठी लागलं. त्याला सहा महिन्यांनी पुन्हा बसता आलं असतं. सरांनी पोस्टकार्ड टाकलं, मीही एक टाकलं. तो आला नाही. त्याचे कपडे, पुस्तकं आणि फितीचा डबा असलेली ट्रंक खोलीतच राहिली होती. पुण्याला जायच्या आधी ती पोचवायला मी गेलो. तासगाव, कवठे, पुढे जतचा रस्ता. बस बदलत बदलत. द्राक्षांचे मांडव मागे पडले आणि मग नुसता माळ.

तो घरी नव्हता. तासगावला बागेत कामाला गेला होता, पंधरा दिवसांनी यायचा. आण्णा घरी होते. उंच, काटक, डोक्याला लाल पटका. मी पोराचा सोबती म्हटल्यावर त्यांनी स्वतः ट्रंक उतरवून घेतली, बसायला घोंगडं टाकलं, तांब्या भरून ताक आणलं. मी ताक पीत होतो तोवर ते समोर उकिडवे बसून होते.

"आवं पावनं, एक इचारू का? राग मानू नका."

"विचारा की."

"सतरा साते किती?"

मी तांब्या खाली ठेवला. "एकशे एकोणीस."

"मंग एकोणिसासे म्हंजे येगळं काय झालं?"

"काही नाही. तेच ते. एकोणीस आणि शंभर."

"म्हंजी पाढा चुकीचा न्हाई."

"नाही आण्णा. पाढा बरोबर आहे."

त्यांनी डोक्यावरचा पटका सारखा केला. "पोरगं आल्यापास्नं पाढा म्हणंना झालंय. धाकट्यालाबी म्हणू दीना. परवा धाकटं म्हणाय लागलं तर त्येच्या तोंडावर हात ठिवला. म्हणतंय, आण्णा, तुमच्या पाढ्यानं माजा घात झाला. मला अक्षर येत न्हाई, मला वाटलं असंल बाबा, म्याच चुकीचं शिकिवलं असंल. माज्या बानं मला शिकिवलं, म्या त्येला. वाटंत कुटं चुकलं असंल तर आमाला काय कळणार?"

"तुमचं नाही चुकलं," मी म्हणालो. "साहेबांना कळलं नाही. ते बाहेरचे होते."

"आसंल. लांबचा मानूस, त्येला कसं उमगावं." त्यांनी मान हलवली. ते त्यांना पटलं होतं. मग माझ्याकडे बघून अगदी साधेपणाने विचारलं, "पर तितं आपल्यातलं कुणीच नव्हतं व्हय सांगाय?"

मी म्हणालो, "नव्हतं."

त्यांनी तेही मान्य केलं. स्टँडपर्यंत मला सोडायला आले, ऊन होतं म्हणून आपली काठी आडवी धरून पुढे पुढे चालले, आणि बस सुटेपर्यंत उभे राहिले.

पुण्याचं वर्ष झालं. पुढे नोकऱ्या मिळाल्या, एकापेक्षा एक. कुठेही नवं मशीन आलं की चालतंय का बघायला मी पहिल्यांदा हाच प्रोग्रॅम त्यावर लिहायचो. भाषा बदलत गेली, त्याची रीत तीच राहिली. मी शिकवलेल्या मुलांनी तो पुढे शिकवला. कुणी विचारलं की सुचला कसा, तर मी सांगायचो, जी कुणाच्याच पाढ्यात येत नाही ती मूळ संख्या, एवढं लक्षात ठेवा, बाकी आपोआप येतं. लोक वाहवा करायचे. मी ते वाक्य चालीवर म्हणायचो, त्याच्यासारखं.

माझ्या मुलीला पाढे शिकवायची वेळ आली तेव्हा ते काम मी बायकोवर सोपवलं.

एकदा, बऱ्याच वर्षांनी, तासगावच्या स्टँडवर बस थांबली असताना तो मला खिडकीतून दिसला. अंगाने भरला होता, केस पांढरे. हातात पिशवी घेऊन कुणाशी तरी हसून बोलत होता. मी शेजारच्या माणसाचं वर्तमानपत्र मागून घेतलं आणि तोंडासमोर उघडून धरलं. बस सुटेपर्यंत धरलं. त्यात काय छापलं होतं ते आठवत नाही.

आण्णा वारल्याचं मला फार उशिरा कळलं. त्यांना मी 'नव्हतं' म्हणालो होतो, ते आता परत घेता येणार नाही. तो आहे. बेदाण्याच्या एका शेडवर सगळं काम तोच बघतो, असं आमच्या वर्गातल्या एकाने सांगितलं, आणि पत्ताही दिला. म्हणजे शोधायचं काही उरलेलं नाही. प्रोग्रॅम त्याचा होता. उत्तर त्याचं बरोबर होतं. बंद दाराआड मी त्याला चोर ठरवलं, आणि चिंचेखाली तो वर जायला निघाला तेव्हा परीक्षक अजून वरच होते. हे त्याच्या दारात जाऊन, त्याच्या मुलाबाळांच्या देखत, त्याला कळेल अशा बोलीत सांगायचं आहे. एवढं मी त्याचं देणं लागतो, आणि आजपर्यंत ते दिलेलं नाही.